ठेका आणि ठसा : साथीचा ड्रमर ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीवर

'तीसरी मंझिल' (१९६६) मधली क्लबची गाणी ज्या ड्रमसेटवर उभी आहेत, तो वाजवणारे लेस्ली गोदिन्हो. राहुलदेव बर्मन यांच्या चालींइतकाच तो ठेकाही लोकांच्या अंगात भिनला. वाजवणाऱ्याचे नाव मात्र सर्वसामान्य रसिकापर्यंत पोचायला कित्येक वर्षे जावी लागली. त्या काळच्या श्रेयनामावलीत संगीतकार मोठ्या अक्षरात, गायक त्याखाली, ध्वनिमुद्रक एका ओळीत आणि ठेका धरणारा बहुधा कुठेच नाही, अशी उतरंड ठरलेली होती.

साथीचा ड्रमर आणि ध्वनिमुद्रक हे दोन निरनिराळे पेशे मानले जातात. एक काचेच्या अलीकडे घामाघूम होतो, दुसरा काचेपलीकडे बसून बटणे फिरवतो, असे त्यांचे रूढ चित्र आहे. मला ते अपुरे वाटते. ड्रमर आवाज काळात बसवतो आणि ध्वनिमुद्रक तोच आवाज जागेत बसवतो. काम एकच आहे, त्याची दोन टोके दोन माणसांच्या हाती गेली ती यंत्रांच्या सोयीमुळे. गेल्या चाळीसेक वर्षांत यंत्रे लहान आणि स्वस्त झाली, तशी ही टोके पुन्हा जवळ आली. आज जो तालवादक दुसरे टोकही हाती घेतो, त्याचाच हात पुढे उरतो आणि त्यालाच आपल्या कामावर हक्क सांगता येतो. अकोल्याच्या जुन्या शहरात या वळणावर उभे असलेले तरुण वादक पुष्कळ आहेत. म्हणून हे विवेचन मुंबईचा इतिहास आणि परदेशातली उदाहरणे घेत असले, तरी ते इथल्या खोल्या, इथली वाद्ये आणि इथली हवा धरून केले आहे.

साथीच्या वादकाचे लक्षण

मैफलीतला तबलजी गायकाशेजारी बसतो. गायकाचे श्वास त्याला दिसतात, सम कुठे येणार हे त्याला चेहऱ्यावरून कळते, आणि एखादी जागा हुकली तर पुढच्या आवर्तनात ती भरून काढता येते. ध्वनिमुद्रणाच्या साथीदाराला यातले काहीच नसते. गाणे त्याने सकाळपर्यंत ऐकलेले नसते. संगीतकार किंवा त्याचा संयोजक चाल सांगतो, मुखडा किती मात्रांचा, पीस कुठे, कट कुठे हे समजावतो, दोन तालमी होतात आणि टेक सुरू होतो. मुंबईत चुंबकीय फीत आल्यानंतरही बराच काळ सगळा वाद्यवृंद आणि गायक मिळून एकाच दमात गाणे पुरे करीत. साठ-सत्तर वादकांपैकी एकाचा हात चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा ठिकाणी उत्तम वाजवणे ही पहिली पायरी झाली. पाचव्या टेकला पहिल्या टेकसारखेच वाजवणे ही खरी कसोटी, आणि स्वतःकडे लक्ष वेधून न घेता गाणे पुढे नेणे ही त्याहून अवघड.

या कसोटीला उतरलेल्यांत आपल्याकडची नावे कमी नाहीत. मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांच्याकडे तालविभाग सांभाळीत. ढोलकवरचा त्यांचा ठेका इतका स्वतंत्र होता की वादकांत तो 'दत्तू ठेका' म्हणूनच चालू लागला, आणि 'परवरिश' (१९५८) चे संगीतकार म्हणून त्यांनी तो स्वतःच्या नावावरही वापरला. मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर यांनी राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांना जो पाया दिला, त्यात तबल्यापासून रेसोरेसोसारख्या खरखरत्या वाद्यापर्यंत सगळे आले. ड्रमसेटवर मात्र वर्चस्व होते ते गोव्याच्या ख्रिस्ती आणि मुंबईच्या पारशी वादकांचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, हे त्यामागचे मोठे कारण. कागद समोर ठेवला की वाचून वाजवणारा माणूस शिफ्टच्या हिशेबात स्वस्त पडतो, कारण त्याला तालीम कमी लागते.

पारशी घराण्यांत लॉर्ड कुटुंब विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. वडील कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगासारखी लॅटिन अमेरिकेतली तालवाद्ये हिंदी गाण्यांत रुळवली. मुलगा बर्जोर ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवी. दुसरा मुलगा केरसी (१९३५-२०१६) तालवाद्यांपासून सुरू होऊन ॲकॉर्डियन, ग्लोकेनस्पील, पुढे संयोजन आणि शेवटी सिंथेसायझर असा सरकत गेला. केरसी लॉर्ड यांची वाट मला या विषयाची गुरुकिल्ली वाटते. तिच्याकडे यंत्राच्या प्रकरणात येतोच.

एक मिलिसेकंद

काळ आणि जागा यांचा संबंध आकड्यांत मांडल्याशिवाय हे विवेचन हवेत राहील. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद मिळतात. मात्रेचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. चांगला ड्रमर स्नेअरचा घाव मात्रेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे ठेवतो तेव्हा गाणे ऐसपैस बसल्यासारखे वाटते, तेवढाच पुढे ठेवतो तेव्हा ते धावत सुटते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फरक त्याच्या पायांना कळतो.

आता ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर, म्हणजे फूटभराहून किंचित जास्त अंतर जातो. माईक ड्रमपासून दहा फूट लांब टांगला, की घाव त्याच्यापर्यंत नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ड्रमरने जिवाचा आटापिटा करून जे दहा मिलिसेकंद साधले, जवळजवळ तेवढेच ध्वनिमुद्रक नुसता स्टँड सरकवून घालवू किंवा मिळवू शकतो. काळ आणि जागा एकमेकांत बदलता येतात, ही या सगळ्या विद्येची मूळ गोष्ट आहे.

हेच दोन माईक लावल्यावर आणखी टोकदार होते. ढोलकीच्या शाईच्या पुडीवर एक माईक आणि खर्जाच्या बाजूला दुसरा, अशी आपल्याकडची नेहमीची मांडणी. शाईवरची थाप जवळच्या माईकमध्ये लगेच शिरते आणि दुसऱ्यात, समजा, एक मिलिसेकंद उशिरा. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले तर ५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींच्या विरुद्ध येतात आणि तिथला आवाज पोकळ होतो. नवखा माणूस तो पोकळपणा इक्वलायझरने भरायला जातो. ५०० हर्ट्झ वाढवतो, तरी भरत नाही, कारण जिथे बेरीज शून्याजवळ आली आहे तिथे वाढवायला काही शिल्लकच नसते. उपाय बटणात नसून माईकच्या जागेत असतो. दुसरा माईक चार बोटे सरकवावा, किंवा त्याची दिशा फिरवून शाईकडे पाठ करावी. हा निर्णय कानानेच घ्यावा लागतो, आणि ज्याने आयुष्यभर ढोलकीच्या मागे बसून दोन्ही पुड्यांचा तोल सांभाळला आहे, त्याचा कान इथे दोन पावले पुढे असतो.

परदेशातली दोन प्रसिद्ध उदाहरणे हेच सांगतात. लेड झेपेलिन या बँडच्या १९७१च्या चौथ्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यासाठी अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने ड्रमर जॉन बॉनहॅम यांचा ड्रमसेट हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या दालनात मांडला आणि दोनच माईक वरच्या मजल्याच्या कठड्यावरून सोडले. त्या ड्रमचा भारदस्तपणा जिन्याच्या उंचीतून आला. दहा वर्षांनी ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम आणि फिल कॉलिन्स यांनी उलट केले. खोलीचा घुमारा आधी भरपूर दाबून वाढवला आणि मग गेट लावून एकदम तोडला. घाव मोठा, पण त्याची शेपटी कापलेली. १९८१ साली कॉलिन्स यांच्या गाण्यातून तो आवाज जगभर गेला आणि पुढे दशकभर पॉप गाण्यांतला ड्रम तसाच वाजत राहिला. कॉलिन्स स्वतः ड्रमर होते. आपला घाव कुठे संपावा हे त्यांना ठरवता आले, कारण ते ध्वनिमुद्रकाशी त्याच्याच भाषेत बोलू शकत होते.

दहा फुटांची खोली

अकोल्यात हेडली ग्रेंज नाही. मुंबईच्या मेहबूब स्टुडिओसारखा साठ वादक सामावणारा दिवाणखानाही नाही. जुन्या शहरात आहेत ती पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, सागवानी तुळयांवर तोललेल्या माळवदाची घरे, आणि त्यांच्या शेजारी गेल्या दोन-तीन दशकांत उभी राहिलेली सिमेंटची घरे. डाबकी रोडपासून हरिहरपेठेपर्यंत कोणत्याही गल्लीत एखाद्या घराच्या मागच्या खोलीत संगणक, दोन स्पीकर आणि एक माईक मांडून कोणी भीमगीत, गजानन महाराजांचे भजन, कव्वाली नाहीतर वऱ्हाडी गाणे रेकॉर्ड करीत असतो. त्या खोलीचे शास्त्र समजून घेणे हेच इथल्या माणसाला सर्वांत उपयोगाचे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

खोली दहा फूट रुंद धरू. समोरासमोरच्या दोन समांतर भिंतींत ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तिथे उभी राहते. दहा फुटांत, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरमध्ये, हा आकडा येतो ५६ हर्ट्झ. बेस ड्रमचा मूळ स्वर साधारण याच टापूत असतो, ढोलाचा धुमारही त्याच्या आसपासच. खोलीच्या भिंतीपाशी तो स्वर फुगतो आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. मध्ये खुर्ची टाकून बसलेला माणूस म्हणतो, बेस कमी पडतोय, तो वाढवतो. तेच गाणे दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात मोठ्या स्पीकरवर लागते आणि वादक धावत येऊन सांगतो, "बाप्पा, आवाज फाटून रायला ना!" गाण्यात दोष नसतो, खोलीने दिलेल्या खोट्या माहितीवर निर्णय घेतलेला असतो.

यावर महागडा इलाज लागत नाही. खुर्ची खोलीच्या मध्यापासून हलवावी, समोरच्या भिंतीपासून एकूण लांबीच्या साधारण दोन-पंचमांशावर आणावी. कोपऱ्यांत जाड गाद्या किंवा कापसाने गच्च भरलेली पोती उभी करावीत. कापसाच्या या जिल्ह्यात ती मिळायला अडचण नाही, फक्त आगीची काळजी घ्यावी आणि विजेच्या तारांपासून ती दूर ठेवावीत. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीवर चिकटवण्याची पद्धत सगळीकडे दिसते, तिचा उपयोग फार थोडा. पुठ्ठा वरच्या पट्टीतली किरकिर किंचित कमी करतो, ५६ हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. मातीच्या जुन्या भिंतींचा मात्र खरा फायदा आहे. वजनदार भिंत बाहेरचा आवाज अडवते. रस्त्यावरच्या रिक्षा आणि शेजारचा कुकर माईकमध्ये कमी शिरतात. नव्या पातळ विटांच्या खोलीत स्टुडिओ थाटण्याआधी घरातल्या जुन्या खोलीचा विचार जरूर करावा.

मग इथली हवा. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरातल्या बारा अंशांच्या रात्री तो सेकंदाला सुमारे ३३९ मीटर असतो आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ३५८ मीटरच्या जवळ जातो. फरक जवळपास सहा टक्क्यांचा. सप्तकातल्या लागोपाठच्या दोन स्वरांत, कोमल-तीव्र धरून, जेवढे अंतर असते जवळजवळ तेवढाच हा फरक आहे. घराच्या आत पारा इतका टोकाला जात नसला तरी दिशा तीच: खोली ज्या स्वरावर घुमते तो स्वर उन्हाळ्यात चढतो. त्यात माईक सुरू करायचा तर पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो, म्हणजे टेकगणिक खोली तापत जाते आणि चामडेही. उन्हाळ्यात शाईची पुडी ताणली जाऊन स्वर वर सरकतो, श्रावणात ती ओल धरून उतरते. सकाळी लावलेल्या ढोलकीने दुपारी दुसरा अंतरा वाजवला आणि मग दोन्ही तुकडे जोडले तर सांधा कानाला टोचतो. हे ज्याला वादक म्हणून ठाऊक आहे तो प्रत्येक टेकआधी हातोडी किंवा पाना हातात घेतो. ज्याला फक्त संगणक ठाऊक आहे तो नंतर तासभर पिच सुधारत बसतो.

या गावाला तालाचे वेड नवे नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी आणि पालख्या जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला येतात, तेव्हा रात्रभर ढोल-ताशांनी रस्ते दणाणतात. संदल, बँजो पार्टी, बँड, जलसे आणि भजनी मंडळे यांतून इथल्या पोरांचे हात तयार होतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) केवळ खंजिरीच्या बळावर हजारोंचा समुदाय एका लयीत आणला. खंजिरी हे ध्वनिमुद्रकाची परीक्षा पाहणारे वाद्य आहे. एकाच हातातून चामड्याचा ठोस घाव आणि झांजांची तीक्ष्ण किणकिण निघते. माईक समोर धरला तर झांजा सगळ्यांवर चढतात. तो चामड्याच्या मागे, तिरका आणि हातभर लांब ठेवला तर दोन्हींचा मेळ बसतो. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे गायक म्हणून मोठे झाले, पण तबल्यावर त्यांचा हात उत्तम होता, आणि त्यांच्या गाण्यातली लयीवरची हुकमत त्या हातातून आलेली आहे. वऱ्हाडाच्या मातीत ताल आहे, हे सांगायला एवढे पुरे.

यंत्र आले तेव्हा

१९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-वन हे यंत्र बाजारात आणले. त्याआधीची तालयंत्रे विजेने आवाजाची नक्कल करीत; या यंत्रात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित घाव साठवलेले होते. त्याच वर्षी रोलँड कंपनीचे ८०८ हे तालयंत्र आले, १९८५ मध्ये त्याच कंपनीचा ऑक्टोपॅड. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत ड्रमसेटची जागा बघता बघता या आठ रबरी चौकोनांनी घेतली. गाडीत मावतो, मांडायला पाच मिनिटे लागतात, तुंब्यापासून टाळीपर्यंत सगळे आवाज एका खोक्यात. सेट, तुंबा, बोंगो आणि साइड ऱ्हिदम मिळून जे चार-पाच जण लागत, त्यांच्या जागी एक माणूस पुरू लागला. बाकीच्यांच्या पोटावर पाय आला.

मुंबईत ही झळ आधी पोचली होती. केरसी लॉर्ड यांनी १९७०च्या दशकात मूग सिंथेसायझर आणला तेव्हा साथीदारांत नाराजी होती. एका पेटीतून अनेकांचे आवाज निघणार असतील तर आमचे काय, हा प्रश्न रास्त होता आणि पुढच्या काळाने तो खरा ठरवला. पण लॉर्ड यांनी काय केले ते पाहा. कारकिर्दीची सुरुवात तालवाद्यांवर झालेल्या माणसाने यंत्राशी भांडण मांडले नाही. आवाज घडतो कसा, तो वर का चढतो, विझतो कसा हे ड्रमच्या घावातून त्यांना आधीच माहीत होते; सिंथेसायझरची बटणे त्याच गोष्टींची नावे होती. त्यांचे साथीदार ज्या यंत्राला घाबरले, त्यात लॉर्ड यांना ओळखीचे तत्त्व दिसले. यंत्र नाकारणाऱ्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. अनेक थोर हात त्या वर्षांत घरी बसले. तरीही टिकण्याची वाट केरसी लॉर्ड यांच्या दिशेनेच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच सुमारास काचेपलीकडेही बदल होत होते. एका दमातल्या टेकऐवजी मल्टिट्रॅक आले: आधी ताल, मग वाद्ये, मग आवाज, प्रत्येकाची स्वतंत्र रेघ. मुंबईच्या वेस्टर्न आउटडोअर स्टुडिओत दमन सूद आणि अविनाश ओक यांच्यासारखे ध्वनिमुद्रक घडले, आणि जगजित-चित्रा सिंग यांचा 'बियाँड टाइम' (१९८७) हा भारतातला पहिला डिजिटल मल्टिट्रॅक संग्रह म्हणून ओळखला गेला. मल्टिट्रॅकने ड्रमरला एकटे केले. कानात क्लिक, समोर कोणी नाही, गायक आठवडाभराने येणार. लय देण्याची जबाबदारी वाढली आणि दाद देणारे डोळे गेले. अशा एकांतात काम करणाऱ्याला काचेपलीकडच्या खुर्चीचे अप्रूप वाटू लागले तर नवल नाही.

अमेरिकेतल्या बुच व्हिग यांचे उदाहरण अकोल्याने मुद्दाम पाहावे. हा मूळचा ड्रमर. लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्कला न जाता त्याने १९८३ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन या मध्यम आकाराच्या गावात स्टीव्ह मार्कर याच्याबरोबर स्मार्ट स्टुडिओ थाटला आणि आसपासच्या तरुण बँडांची गाणी रेकॉर्ड करीत राहिला. तिथे कान तयार झाला. १९९१ साली निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' त्याच्या हातून बाहेर पडला आणि त्या अल्बममधले ड्रम पुढच्या पिढीसाठी मोजपट्टी झाले. नंतर तो गार्बेज या बँडमध्ये पुन्हा ड्रमवर बसला. अशा गावातली वर्षानुवर्षांची मिळेल ती कामे, आणि दोन्ही खुर्च्यांवर सारखा वावर, यांतून ही कारकीर्द घडली.

हजेरी आणि मालकी

साथीच्या वादकाला पैसे शिफ्टने मिळतात. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशनने दर ठरवले, वादकांच्या श्रेणी पाडल्या, आणि त्यामुळे अडवणूक बरीच कमी झाली. तरी ती हजेरीच. गाणे पन्नास वर्षे वाजले तरी ठेका धरणाऱ्याच्या घरी नवा पैसा येत नाही. लॉस एंजेलिसचे ड्रमर हॅल ब्लेन (१९२९-२०१९), ज्यांच्या हातून अमेरिकेतली कितीतरी अव्वल गाणी गेली, ते आपल्या नावाचा रबरी शिक्का जवळ बाळगत आणि वाजवून झाल्यावर स्वरलिपीच्या कागदावर तो उमटवत. नाव कुठे तरी राहावे, ही तगमग सगळीकडे सारखी.

भारतीय कायद्यात ही तगमग फार ठोस रूप घेते. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला, त्याची मुदत पुढे पन्नास वर्षे झाली, आणि २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी वापरासाठी मानधनाचा वाटा आणि नाव लावले जाण्याचा हक्कही दिला. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातले ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीतही ज्याचा उल्लेख होत नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही; आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्यापुरताच त्याला हक्क राहील. म्हणजे नाव लिहिण्याचा रिवाज नाही, या कारणावरूनच नाव लावून घेण्याचा हक्क जाऊ शकतो. साथीच्या वादकाचे काम 'आनुषंगिक' मानावे का, हा वाद घालता येईल आणि घातलाच पाहिजे. माझ्या मते ज्या ठेक्याशिवाय गाणे उभेच राहत नाही त्याला आनुषंगिक म्हणणे चूक आहे. शिवाय कायद्यातली चित्रपटाची व्याख्या ध्वनिचित्रमुद्रणाला सामावून घेणारी आहे, त्यामुळे गल्लीतल्या गाण्याचा यूट्यूबवरचा व्हिडिओही त्या कक्षेत येऊ शकतो.

दुसऱ्या बाजूला ध्वनिमुद्रणाच्या मालकीचा नियम साधा आहे. ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर ध्वनिमुद्रण झाले तो निर्माता, आणि त्याचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. नुसते बटण दाबणारा मालक होत नाही. गिऱ्हाईक पैसे देऊन गाणे करून घेते तेव्हा मालक बहुधा गिऱ्हाईकच. पण तालवादकाने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने, स्वतःचे ठेके मुद्रित केले तर तोच निर्माता. हे जुन्या शहरातल्या मुलांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण आज ऑक्टोपॅडचे टोन आणि पॅच हातोहात फिरतात, विकले जातात, आणि ते कुणी वाजवून भरले हे चार हातांपलीकडे कोणालाच ठाऊक नसते. कावडीच्या ढोलाचा, इथल्या ताशाच्या तडतडीचा, संदलच्या चालीचा खरा आवाज मुंबईच्या सॅम्पल संग्रहात सापडत नाही. तो इथेच मिळतो, आणि तो नीट मुद्रित करायला वाजवण्याची जाण असलेलाच माणूस हवा. प्रत्येक घाव हळू, मध्यम, जोरात असा निरनिराळ्या वजनाने, प्रत्येक वजनाचे आठ-दहा नमुने, माईक जवळ एकदा आणि लांब एकदा. हे काम एका माणसाला एका खोलीत आठवडाभरात जमण्यासारखे आहे.

गाणे करतानाही काही शिस्त पाळली तर ती हक्काच्या उपयोगी पडते. टेकच्या फाइलला 'फायनल नवीन २' असे नाव देण्याऐवजी तारीख, गाणे, वाद्य आणि वादकाचे नाव द्यावे. कोणी काय वाजवले, किती पैसे ठरले आणि पुढच्या वापराचे काय, याचा अर्ध्या पानाचा कागद दोघांच्या सहीने ठेवावा. दोस्तीत कागद कशाला, असे इथे फार म्हटले जाते. दोस्ती टिकावी म्हणूनच कागद हवा, असे मी म्हणतो.

कान

या कारकिर्दीचे भांडवल कान आहे आणि ड्रमर ते रोज खर्च करतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सामान्यतः सांगितली जाणारी मर्यादा; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. बंद खोलीतला ड्रमसेट आणि मिरवणुकीतला ताशा हा आकडा सहज ओलांडतात. इजा बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी होते. बोलणे ऐकायला येत राहते, म्हणून माणसाला कळत नाही, पण काठीचे टोक लागल्याची टिचकी, ढोलकीच्या चाटेची धार, गायकाचे स श ष याच पट्टीत किंवा तिच्या जवळ असतात. कान बिघडलेला ध्वनिमुद्रक ही पट्टी नकळत वाढवत जातो, आणि त्याची गाणी दर वर्षी अधिक कर्कश होतात.

म्हणून वाजवताना कानात बोळे, वर्षातून एकदा श्रवणाची चाचणी, आणि वाजवल्यानंतर त्याच रात्री मिक्सिंग न करणे, एवढे पथ्य हवे. घाव घातल्यावर कान काही तास बधिर राहतात आणि त्या अवस्थेत घेतलेला प्रत्येक निर्णय सकाळी बदलावा लागतो. मिक्स करताना स्पीकरची पातळी शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतकीच ठेवावी. मोठ्या आवाजात सगळेच गाणे छान वाटते. हळू आवाजात ठेका अजून उभा आहे का आणि शब्द कळतात का, हे तपासता येते. कावडीच्या दिवशी पथकात ताशा वाजवून आलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फेडरला हात लावू नये.

चाचणीचा कागद दरवर्षी जपून ठेवावा आणि मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी धरून पाहावा. चार हजार हर्ट्झपाशी रेघ खाली वाकू लागलेली दिसली, की पथकातले दिवस कमी करायचे आणि त्या पट्टीतले निर्णय दुसऱ्या, ताज्या कानाच्या माणसाकडून तपासून घ्यायचे.